वच्छलाबाई आणि खुणेची पाखरं

…तर बबनराव मुकादम त्या मोळीजवळ वाकला आणि म्हणाला, "एकशे एक्क्याण्णव." काल एवढ्यावरच आपण उठलो, चहा आला म्हणून. आता पुढचं ऐका. पाठीमागून वच्छलाबाई म्हणाली, "ती सोडा. ती मोजलेली हाय."

हे चाललं होतं उसाच्या फडात, पार तिकडं सांगलीच्या बाजूला. आमच्या शिरूर कासार तालुक्यातली निम्मी गावं दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन तिकडं जातात, हे काय नव्यानं सांगायला नको. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधायच्या, आणि ट्रक भरायच्या आधी कुणाच्या किती मोळ्या झाल्या ते मुकादमानं मोजायचं, अशी तिथली रीत. वच्छलाबाईला अक्षर येत नाही. पण तिची एक पद्धत होती. कमरेच्या चंचीतून चुनाळं काढायचं आणि मोळी मोजून झाली की तिच्या बुडख्यावर चुन्याचा अंगठा उमटवायचा. अंगठा पडला की ती मोळी हिशेबात गेली. त्या दिवशी ट्रकच्या ड्रायव्हरनं वाट करायला म्हणून आठ-दहा मोळ्या इकडच्या तिकडं टाकल्या, आणि बबनराव त्याच पुन्हा मोजायला लागला.

"अगं, तुझ्याच टोळीच्या वाढत्यात की," तो म्हणाला.

"वाढत न्हाईत. त्याच हायती. मोजलेली मोळी दुसऱ्यांदा मोजायची न्हाई."

टोळीतल्या बायका तिच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्याकडंच चुना मागायला आल्या. बबनरावानं मात्र तेव्हापासून मोजणी तिच्यावर सोडली आणि तो बांधावर बसून बिड्या ओढायला लागला. मुकादमाला आणखी काय पाहिजे?

अशी ही वच्छलाबाई. बावीस हंगाम तिनं ऊस तोडला. नवरा धोंडीराम होता तोवर जोडीनं, म्हणजे पुरा कोयता. तो गेल्यावर एकटी, म्हणजे अर्धा कोयता. तिकडं माणसं अशीच मोजतात. गेल्या हंगामात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पाय सटकला आणि गुडघा गेला. गावात आली ती लंगडतच. माझ्या दुकानाच्या ओट्यावर बसून माझ्या बायकोला, दानम्माला म्हणाली, "बावीस वर्सं झाली, गावातली संक्रांत बगितली न्हाई मी. तुमी वाण लुटता ते कसलं आसतं हो?"

दानम्मा म्हणाली, "डबे आसत्यात पलास्टिकचे. तू काय लई गमावलं न्हाईस."

माझं दुकान किराणाचं. मी जुना चौथी पास. आमच्या गुरुजींनी पाढे असे घोटून घेतलेत की अजून कुणी झोपेतून उठवून एकोणतीस सक्कं विचारलं तरी सांगेन. एकशे चौऱ्याहत्तर. पण ते राहू द्या.

भाद्रपदात ऋतुजा नावाची पोरगी गावात आली. ती कॉलेजात पाखरांवर शिकते. पाखरं म्हणजे चिमण्या नव्हेत, पतंग. आमच्या गावाच्या वरच्या डोंगरात मोईची झाडं आहेत, त्यांवर एक मोठा पतंग असतो, तळहाताएवढा. मातकट रंग, आणि चारी पंखांवर एकेक चकचकीत गोल ठिपका. गावात त्याला आरसेवालं पाखरू म्हणतात. सरकारनं कायद्यानं राखलेला जीव आहे तो, हे आम्हाला ऋतुजानं सांगितलं. तोवर आम्ही त्याला नुसतंच बघत होतो. त्याचं काम एकच, भाद्रपदात आठ-दहा दिवस जगायचं, अंडी घालायची आणि मरायचं. तोंडच नसतं त्याला, खात काही नाही. दानम्मा म्हणाली, "मग गिऱ्हाईक म्हणून काय कामाचं न्हाई आपल्याला."

अंड्यातनं अळ्या होतात, अळ्या कोश करतात, आणि ते कोश थंडीभर मोईच्या बारक्या फांद्यांना लटकून राहतात. गावाला सरपण लागतं ते थंडीतच. वाळली फांदी दिसली की मोडायची, तिच्याबरोबर कोशही चुलीत जातो. म्हणून जंगल खात्याच्या साहेबांनी असं ठरवलं होतं, की डोंगरावर ही पाखरं पाचशेच्या आत भरली तर दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत एक रखवालदार ठेवायचा, गावातलाच. पाचशेच्या वर भरली तर गरज नाही, त्यांचं ते बघून घेतील.

आणि रखवालदार कोण, तर पाखरं धरायला ऋतुजाला जी बाई मदत करील ती. साहेबांनी तसं ओट्यावर बसून बोलून दाखवलं होतं. ती बाई होती वच्छलाबाई. दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत म्हणजे तोच सगळा उसाचा हंगाम. तेव्हा कसं होतं बघा: पाखरं कमी भरली तर वच्छलाबाई घरी राहणार, जास्ती भरली तर कोयत्यावर जाणार. हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक, आणि दुकानात मिसरीची पुडी घ्यायला येणाऱ्या सगळ्या गावाला ठाऊक.

बबनरावाला पण ठाऊक. तो मोटारसायकलवरून टोळीची माणसं पक्की करत फिरत होता. ओट्यापुढं गाडी थांबवून म्हणाला, "वच्छलाबाई, पाखरं मोजतीस म्हणं? मोळ्या बांधतीस का काय त्येंच्या?"

"तुमाला उचलाया जमतील आशा बांधीन."

"हासू नगं. सर्वपित्री आवसंला माजी टोळी भरती. तवर तुजी जागा धरून ठिवतो. मंग म्हणू नगं बबनरावानं इचारलं न्हाई."

मोजायची रीत अशी. दिवसा ही पाखरं मोईच्या खोडाला चिकटून बसलेली असतात, हलत नाहीत. सकाळी जाऊन ती हळूच धरायची, मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशवीत ठेवायची, आणि एकेकाच्या पंखावर काडीनं नखपॉलिशचा बारीक ठिपका द्यायचा. संध्याकाळी जिथली तिथं सोडायची. एक दिवस जाऊ द्यायचा आणि परवा सकाळी पुन्हा धरायची. वच्छलाबाईचा हात असा हलका, की पाखरू जागंसुद्धा होत नसे. ती लंगडत का होईना डोंगर चढायची, माझा गुडघा मात्र आता चढत नाही, त्यामुळे मी खाली बांधावर वही घेऊन बसायचो. ती वरून पिशव्या आणायची, मी आकडा लिहायचो.

पहिल्या दिवशी चौसष्ट पाखरं झाली. लाल ठिपका दिला. त्याच संध्याकाळी ऋतुजाला कॉलेजात परीक्षेला जावं लागलं. जाताना म्हणाली, "मावशी, परवाही तसंच धरा. किती सापडली आणि त्यात ठिपक्याची किती, एवढं आप्पांकडून लिहून घ्या." वच्छलाबाईनं अठ्ठावन्न आणली. मी विचारलं, "ठिपक्याची किती?" ती म्हणाली, "एकबी न्हाई." मी लिहिलं, शून्य. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी कुठं पाखरांचा तज्ज्ञ?

ऋतुजा आली, वही बघितली आणि डोकं खाजवायला लागली. "शून्य? एकही नाही?" मग तिनं मोबाईलवर बरंच काही दाबलं. शून्यानं भागता येत नाही, म्हणून सगळ्या आकड्यांत एकेक मिळवून करायची त्यांची एक युक्ती आहे. उत्तर आलं तीन हजार आठशे चौतीस. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांना दुपारी मीटिंगला आकडा द्यायचा होता. ती म्हणाली, "सर, तीन हजार आठशे येतायत, पण मला जरा शंका…" साहेब म्हणाले, "शंका नंतर," आणि फोन ठेवला.

वच्छलाबाई ओट्याखाली उभी होती. "तीन हजार म्हंजी पाचशेच्या वर," ती म्हणाली. "लईच वर." आणि पिशव्या झटकून घडी घालायला लागली.

मला मात्र चैन पडेना. अठ्ठावन्न पाखरांतून तीन हजार निघतात कशी? मी ऋतुजाला म्हणालो, "पोरी, मला चौथी पासवाल्याला समजंल आसं सांग." दुकानात चिंचोक्यांचं पोतं होतं. ती म्हणाली, "आप्पा, या पोत्यात किती चिंचोके आहेत?" मी म्हटलं, "देव जाणे." तिनं मूठभर काढले, चाळीस भरले. ते आम्ही दोघांनी ओट्याच्या फरशीवर घासून एका बाजूनं पांढरे केले, पोत्यात टाकले आणि पोतं चांगलं हलवलं. मग ती म्हणाली, "आता पुन्हा मूठभर काढायचे. समजा त्यात दहाला एक पांढरा निघाला, तर पोत्यातही दहाला एकच पांढरा असणार. पांढरे एकूण चाळीस, म्हणजे सगळे चारशे. वीसाला एक निघाला तर आठशे. पांढरा निघालाच नाही तर मोजदाद नाही इतके." मला एकदम लख्ख झालं. म्हणजे त्रैराशिक! गुरुजींनी आम्हाला हेच शिकवलं होतं, फक्त त्यात मजूर आणि भिंत असायची.

ऋतुजानं मूठ काढली आणि फरशीवर मांडली. काळे एकीकडं, पांढरे एकीकडं. "एक, दोन, तीन…" पांढरे मोजायला लागली.

वच्छलाबाई घडी घालता घालता थांबली. "ती पांढरी कावून मोजतीस? ती तर मोजलेली हायती."

ऋतुजा हळूच म्हणाली, "मावशी, परवा डोंगरावर लाल ठिपक्याची पाखरं दिसली का तुम्हाला?"

"दिसली की. पंधरा-सोळा हुती."

"मग आणली का नाहीत?"

"मोजलेलं दुसऱ्यांदा मोजते व्हय मी? आप्पांनी इचारलं, पिशवीत ठिपक्याची किती, मी म्हणलं एकबी न्हाई. न्हवतीच पिशवीत."

ऋतुजानं कपाळावर हात मारला आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. दानम्मा आतून पळत आली, काय झालं म्हणून. मी सांगितलं. दानम्मा म्हणाली, "आन् तुमी काय करत हुता वही घिऊन? माशा मारत?"

वच्छलाबाई हसली नाही. तिला एवढंच कळलं होतं की आकडा चुकलाय आणि तो तिच्यामुळं चुकलाय. आजवर तिचा आकडा कधी चुकला नव्हता. "पंधरा का सोळा ते सांग बघू," मी म्हणालो, "त्यावरनंच काढू." ती म्हणाली, "सोडलेल्याचा हिशेब मी कशाला ठिवू आप्पा? अंदाजानं सांगायचं आसंल तर मग मोजायचं तरी कावून?"

मग ठरलं, पुन्हा करायचं. पाखरांचे चार-पाचच दिवस उरले होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच. ऋतुजानं शिरूरच्या बांगड्यांच्या दुकानातून निळं नखपॉलिश आणलं. निघण्याआधी वच्छलाबाई ओट्यावर बसली आणि तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली, वकिलासारखी.

"ठिपक्याचं आन् बिनठिपक्याचं, दोनी दिसली तर पयलं कंचं धरू?"

"दोन्ही धरायची."

"आन् मी मुद्दाम ठिपक्याचीच जास्ती धरली तर?"

"तर आकडा कमी येईल."

"म्हंजी रखवाली."

"हो," ऋतुजा म्हणाली.

आतून दानम्मा ओरडली, "मग धर की बये! कोण बगतंय डोंगरावर?"

"त्येच म्हणते मी," वच्छलाबाई म्हणाली. "कोण बगतंय." आणि पिशव्या उचलल्या. मग ऋतुजाला म्हणाली, "मला झाड निवडू दिऊ नगस. तू नेमून दे."

तेव्हा असं केलं. ऋतुजा आणि ती दोघींनी वर जाऊन ऐंशी मोईंच्या खोडांवर गेरूनं नंबर टाकले. मी ऐंशी चिठ्ठ्या केल्या, दानम्माच्या साखरेच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. रोज सकाळी डबा हलवून चाळीस चिठ्ठ्या काढायच्या, त्याच झाडांवर जायचं, आणि त्या झाडावर जेवढं म्हणून पाखरू बसलं असेल तेवढं सगळं आणायचं. शेजारच्या झाडावर दहा दिसली तरी तिकडं बघायचं नाही. वच्छलाबाईला नंबर वाचता येत नसत, म्हणून ऋतुजा पुढं आणि ही मागं.

पहिल्या सकाळी सत्तर पाखरांना निळा ठिपका दिला. मधला दिवस सोडला. मग दुसरी धरणी झाली: साठ पाखरं, त्यात निळ्या ठिपक्याची चौदा. मी बांधावर बसल्या बसल्याच त्रैराशिक मांडलं. सत्तर गुणिले साठ, भागिले चौदा. तीनशे. ऋतुजाच्या मोबाईलनं दोनशे अठ्ठ्याऐंशी सांगितलं, तिचे ते एकेक मिळवून. ती म्हणाली, "आप्पा, तीनशेच्या आसपास म्हणायला हरकत नाही." मला झालेला आनंद काय सांगू! घरी येऊन दानम्माला गणित करून दाखवलं. तिनं तेवढ्यात माझ्याकडून दोन नारळ सोलून घेतले.

वच्छलाबाईनं एवढंच विचारलं, "आता बरुबर हाय?"

"बरोबर आहे, मावशी."

त्या संध्याकाळी तिनं दानम्माकडून तीळ कुठं चांगले मिळतात, तिळगुळाला काय काय लागतं, ते सगळं विचारून घेतलं. संक्रांत अजून चार महिने लांब होती.

सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी साहेब आले. बबनरावही आला होता, त्याला उत्तर पाहिजे होतं. दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसले. ऋतुजानं वही पुढं ठेवली, चिंचोक्यांची गोष्ट सांगितली, पहिल्या खेपेला काय चुकलं ते सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "आठ दिवसांत तीन हजार आठशेचे तीनशे झाले. बाकीचे कुठं गेले, ऊस तोडायला?"

बबनराव फिसकन हसला. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हरही हसला. बबनराव त्याला म्हणाला, "गप बे."

ऋतुजा म्हणाली, "सर, पहिला आकडा चुकीचाच होता. चिठ्ठ्या आहेत, झाडांचे नंबर आहेत, तुम्ही वर जाऊन बघा."

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," साहेब म्हणाले. "पण मी हे वर पाठवणार. तिथं बसलेला माणूस काय विचारील? पहिल्यांदा आकडा मोठा आला तेव्हा रखवाली गेली. मग तो फिरवला, आता रखवाली आली. फिरवला कुणी? याच बाईनं. रखवालदार कोण? हीच बाई. मी असतो तर मीही कागद बाजूला टाकला असता."

मी म्हणालो, "साहेब, ह्या बाईनं बावीस वर्षांत एक मोळी जास्ती सांगितलेली न्हाई. विचारा ह्या बबनरावाला."

बबनराव म्हणाला, "ते खरं हाय." आणि बिडी पेटवायला लागला. त्याला त्याची टोळी भरायची होती.

साहेबांनी वही मिटली. "खरं असेल हो आप्पा. पण मी हे पाठवू कसं, ते तरी सांगा."

मी काही सांगण्याआधी वच्छलाबाई ओट्याजवळ आली. पदर नीट केला आणि साहेबांकडं बघून म्हणाली:

"मग माजं नाव काडा साहेब. रखवालीला दुसरं कुणीबी घ्या, मी जाते बबनरावासंगं. पर आकडा तीनशेच लिवा. आन् ज्याला कुणाला ठिवताल त्याला दसऱ्यालाच धाडा वर, दिवाळीची वाट बगू नगा. एकदा मोईची पानं झडली का कोश उगडे पडत्यात, आन् सरपण तर समद्यांनाच लागतं."